१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी नैसर्गिक संख्या आहे. ती १११११११११ या नऊ अंकी संख्येचा वर्ग असून तिचे अंक १ पासून ९ पर्यंत क्रमाने चढतात आणि तेथून पुन्हा १ पर्यंत क्रमाने उतरतात. डावीकडून वाचली किंवा उजवीकडून वाचली तरी ती सारखीच राहते. महाराष्ट्रातील गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ज्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले, त्यांपैकी ही एक होय. केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांचे वर्ग क्रमाने लिहीत गेल्यास ही संख्या नववी येते. चढउताराचा हा आकृतिबंध दशमान पद्धतीत जेथे शेवटचा टिकतो, ती ही संख्या आहे. दहाव्या वर्गात तो मोडतो.

या संख्येचे गुणधर्म दोन प्रकारचे आहेत. काही गुणधर्म ती दशमान पद्धतीत कशी लिहिली जाते यावर अवलंबून आहेत. अंकांची चढउतार आणि अंकांची बेरीज हे त्या प्रकारचे गुणधर्म होत. इतर गुणधर्म, उदाहरणार्थ मूळ अवयव, विभाजकांची संख्या किंवा दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपातील मांडणी, लेखनपद्धती कोणतीही असली तरी बदलत नाहीत.

लेखन आणि वाचन

भारतीय रीतीने स्वल्पविराम दिल्यास ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाते. तिचे वाचन ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस’ असे करता येते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या बाराव्या शतकातील ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत अठरा दशमान स्थानांची नावे दिलेली आहेत. त्या नावांनुसार या संख्येत १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दशक आणि १ एकक आहेत. सर्वांत मोठा अंक ९ हा बरोबर मध्यभागी, अर्बुदाच्या म्हणजे दहा कोटींच्या स्थानी येतो. ‘लीलावती’तील शेवटचे स्थान परार्ध (१ वर १७ शून्ये) हे असून ही संख्या त्याच्या एक स्थान अलीकडे थांबते.

नाव

‘डेम्लो’ हे नाव एका रेल्वे स्थानकावरून आले आहे. तत्कालीन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या आणि आता डोंबिवली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकावर कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या स्थानकाचे नाव संख्यांना दिले. डोंबिवली ठाणे जिल्ह्यात आहे. पनवेलहून येणारा लोहमार्ग दिवा जंक्शन येथे मुख्य मार्गाला मिळतो आणि तेथून कल्याणच्या दिशेने जाताना डोंबिवली लागते.

कापरेकरांच्या व्याख्येनुसार डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. मधला भाग एकाच अंकाच्या एक किंवा अधिक पुनरावृत्तींनी बनलेला असतो, आणि पहिल्या व शेवटच्या भागाची बेरीज केली असता तोच अंक पुन्हा मिळतो. २५५३ या संख्येत मधला भाग ५५ आहे आणि २ + ३ = ५ आहे. ४७७७३ मध्ये मधला भाग ७७७ असून ४ + ३ = ७ आहे. प्रस्तुत संख्येचे भाग असे पडतात:

१२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

मधला अंक ९ आहे आणि दोन्ही बाजूंच्या भागांची बेरीज केवळ ९ या अंकाने बनलेली आहे. केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या वर्गांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ असे म्हटले. त्याच शीर्षकाचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धांतावरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

वर्गांची मालिका

ही संख्या ज्या मालिकेत येते ती पुढीलप्रमाणे आहे:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१
११११११ × ११११११ = १२३४५६५४३२१
१११११११ × १११११११ = १२३४५६७६५४३२१
११११११११ × ११११११११ = १२३४५६७८७६५४३२१
१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

हा आकृतिबंध का निर्माण होतो, हे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गुणाकाराच्या रीतीवरून समजते. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना नऊ ओळी एकाखाली एक लिहाव्या लागतात. प्रत्येक ओळ १११११११११ हीच असते, मात्र ती वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. सर्वांत उजव्या स्तंभात एकच १ येतो, त्याच्या डावीकडील स्तंभात दोन, नंतर तीन, आणि नवव्या स्तंभात सर्व नऊ ओळींचे १ एकत्र येतात. त्यानंतर ओळी उजव्या बाजूने संपू लागतात, म्हणून स्तंभातील १ ची संख्या आठ, सात, सहा अशी कमी होत जाते. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ पेक्षा जास्त होत नसल्यामुळे हातचा घ्यावा लागत नाही. त्यामुळे प्रत्येक स्तंभाची बेरीज हाच उत्तराचा अंक ठरतो.

हेच विधान बीजगणिताच्या भाषेत पुढील नित्य समीकरणाने मांडता येते:

(१ + क्ष + क्ष² + … + क्ष⁸)² = १ + २क्ष + ३क्ष² + … + ९क्ष⁸ + ८क्ष⁹ + … + २क्ष¹⁵ + क्ष¹⁶

येथे क्ष = १० घेतल्यास प्रस्तुत संख्या मिळते. क्ष = १ घेतल्यास डावी बाजू ९ चा वर्ग म्हणजे ८१ होते आणि उजवी बाजू या संख्येच्या अंकांची बेरीज होते. म्हणून या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. मालिकेतील इतर संख्यांबाबतही हाच नियम लागू पडतो: १२१ च्या अंकांची बेरीज २ चा वर्ग, १२३२१ च्या अंकांची बेरीज ३ चा वर्ग, इत्यादी.

वरील समीकरण क्ष च्या प्रत्येक किमतीसाठी खरे आहे. यावरून असा निष्कर्ष निघतो की १२३४५६७८९८७६५४३२१ हे सतरा अंक दहा किंवा त्याहून मोठ्या कोणत्याही पायाच्या संख्यालेखनात लिहिले, तरी त्यांनी दर्शवलेली संख्या पूर्ण वर्गच असते.

आकृतिबंधाची मर्यादा

मालिकेतील पहिल्या नऊ ओळी पाहून दहाव्या ओळीतही तोच क्रम पुढे जाईल असे वाटते, परंतु तसे होत नाही:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

या उत्तरात डावीकडील ७ नंतर ८ हा अंक नाही, मध्यभागी दोन शून्ये आली आहेत आणि संख्या उलट क्रमाने वाचल्यास सारखी राहत नाही. याचे कारण हातचा हे आहे. दहा ओळींच्या गुणाकारात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तेथे ० लिहून १ हातचा डावीकडे जातो. डावीकडील स्तंभाची बेरीज ९ असल्याने तीही १० होते, पुन्हा ० लिहून १ हातचा पुढे जातो आणि त्यापुढील ८ चा ९ होतो. दोन्ही शून्यांचा आणि नाहीशा झालेल्या ८ चा उलगडा या दोन हातच्यांनी होतो.

मूळ रचना मात्र येथेही कायम असते. मधल्या स्थानी १० हा एकच ‘अंक’ आहे असे मानून हातचे मागे घेतल्यास डावा भाग १२३४५६७८९ आणि उजवा भाग ९८७६५४३२१ असा मिळतो. त्यांची बेरीज ११११११११११० म्हणजे नऊ वेळा नव्हे तर दहा वेळा एक असेल असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ती १११११११११० म्हणजे १११११११११ ची दहापट आहे. याचा अर्थ नऊही स्थानी १० हा ‘अंक’ येतो. डेम्लो संख्येची अट या विस्तारित अर्थाने पाळली जाते. मोडते ती केवळ तिच्या दशमान लेखनातील सममिती.

ही मर्यादा दहा या पायाची आहे. आठ पायाच्या पद्धतीत, जेथे ० ते ७ हेच अंक वापरले जातात, आकृतिबंध सातव्या ओळीत १२३४५६७६५४३२१ येथे संपतो. संगणकशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या सोळा पायाच्या पद्धतीत तो पंधराव्या ओळीपर्यंत चालतो. सर्वसाधारणपणे कोणत्याही पायात तो पायापेक्षा एक कमी इतक्या ओळींपर्यंत टिकतो.

काही उदाहरणांत दिसलेला नियम सर्वत्र खरा असेलच असे नाही, हे दाखवण्यासाठी ही मालिका उपयुक्त आहे. नऊ उदाहरणे तपासून केलेले अनुमान दहाव्या उदाहरणात चुकते. परंतु ते का चुकले, हे बहुपदीच्या समीकरणाने पूर्णपणे स्पष्ट होते.

मूळ अवयव आणि विभाजक

१११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत. त्यामुळे प्रस्तुत संख्येचे मूळ अवयव पुढीलप्रमाणे होतात:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

३७ आणि ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्यांना दशमान पद्धतीत विशेष स्थान आहे. १ ला ३७ ने भागल्यास ०.०२७०२७… असा तीन अंकांचा आवर्ती दशांश मिळतो आणि तीन अंकी आवर्तन देणारी ३७ ही एकमेव मूळ संख्या आहे. १ ला ३३३६६७ ने भागल्यास ०.०००००२९९७०००००२९९७… असा नऊ अंकांचा आवर्ती दशांश मिळतो, आणि नऊ अंकी आवर्तन असलेली ३३३६६७ ही एकमेव मूळ संख्या आहे.

या संख्येला १ व ती स्वतः धरून एकूण ४५ विभाजक आहेत. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते. येथे विभाजकांच्या २२ जोड्या पडतात आणि मधला, तेविसावा विभाजक १११११११११ हा स्वतःशीच जोडला जातो. काही उल्लेखनीय जोड्या अशा आहेत:

८१ × १५२४१५७८९९७१०४१
१२३२१ × १००२००३००२००१
१२३४५६७९ × ९९९९९९९९९

यांपैकी दुसऱ्या जोडीतील दोन्ही संख्या स्वतः पूर्ण वर्ग व पॅलिन्ड्रोम आहेत: १२३२१ हा १११ चा आणि १००२००३००२००१ हा १००१००१ चा वर्ग आहे. १११ ने १११११११११ ला निःशेष भाग जातो, म्हणूनच मालिकेतील तिसऱ्या संख्येने नवव्या संख्येला निःशेष भाग जातो.

सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ आहे. त्यातून संख्या स्वतः वजा केल्यास ६६०८६००६०५१७३२५८ उरते. ही बाकी मूळ संख्येपेक्षा लहान असल्याने ती न्यून संख्यांच्या वर्गात मोडते. म्हणजेच स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरते.

दोन वर्गांची बेरीज

ही संख्या दोन धन पूर्णांकांच्या वर्गांच्या बेरजेच्या रूपात केवळ एकाच प्रकारे लिहिता येते:

१११११११११² = ३६०३६०३६² + १०५१०५१०५²

याचे मूळ १२, ३५, ३७ या काटकोन त्रिकोणाच्या बाजूंमध्ये आहे. १२ चा वर्ग १४४ आणि ३५ चा वर्ग १२२५. त्यांची बेरीज १३६९ हा ३७ चा वर्ग आहे. या तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणल्यास ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११ या बाजू मिळतात. बौधायन शुल्बसूत्रात ज्या आयतांच्या बाजूंची उदाहरणे दिलेली आहेत, त्यांत १२ व ३५ ही जोडीही आहे.

अशी मांडणी एकच असण्याचे कारण मूळ अवयवांमध्ये आहे. विषम मूळ संख्यांपैकी ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी संख्याच दोन वर्गांच्या बेरजेत विभागता येते. ३७ ही तशी संख्या आहे. ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागल्यास ३ बाकी उरते, त्यामुळे त्यांच्याकडून नवी मांडणी मिळत नाही. हा गुणधर्म संख्येच्या दशमान लेखनावर अवलंबून नाही.

१२३४५६७९ शी संबंध

१२३४५६७९ या संख्येत ८ हा अंक नाही. तिला ९ ने गुणल्यास १११११११११ आणि ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९९ मिळते. म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९

हा गुणाकार तोंडीही करता येतो. ९९९९९९९९९ ने गुणणे म्हणजे संख्येपुढे नऊ शून्ये लिहून त्यातून तीच संख्या वजा करणे. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा केल्यास प्रस्तुत संख्या येते.

१ ला ८१ ने भागल्यास ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती दशांश मिळतो. येथेही ८ गाळला जाण्याचे कारण हातचा हेच आहे: अंक ०, १, २, … ८, ९ असे क्रमाने जाऊ लागतात, परंतु त्यानंतरच्या स्थानी १० आल्याने १ हातचा डावीकडे जातो आणि ९ चा १० व त्यामुळे ८ चा ९ होतो. दहाव्या वर्गात नाहीसा होणारा ८ आणि या दशांशात नसलेला ८ या एकाच कारणाच्या दोन खुणा आहेत.

अंकांवर आधारित इतर गुणधर्म

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ म्हटले. हर्ष देणारी, असा या शब्दाचा अर्थ आहे. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज ८१ असून तिला ८१ ने निःशेष भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

कापरेकरांनी अभ्यासलेली आणखी एक क्रिया म्हणजे एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवणे. उदाहरणार्थ, २३ मध्ये २ + ३ म्हणजे ५ मिळवल्यास २८ मिळतात. येथे २३ हा २८ चा जनक होय. ज्या संख्येला असा एकही जनक नसतो, तिला स्वयंभू संख्या म्हणतात. देवळाली या गावावरून अशा संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव आहे. २०, ३१ आणि ४२ या स्वयंभू संख्या आहेत. १०१ ला मात्र ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही स्वयंभू संख्या नाही. १२३४५६७८९८७६५४२४० हा तिचा जनक आहे. या जनकाच्या अंकांची बेरीज ८१ असून ती त्यात मिळवल्यास प्रस्तुत संख्या तयार होते. दुसरा जनक नाही, हे थोड्या पडताळणीने दाखवता येते. संख्येला ९ ने निःशेष भाग जात असल्याने जनकाच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत असली पाहिजे आणि सतरा अंकी संख्येत ती १५३ पेक्षा मोठी असू शकत नाही. ९, १८, २७ अशा सर्व शक्यता तपासल्यास केवळ ८१ ही अट पूर्ण करते.

इतिहास

चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांचे आकर्षण भारतीय गणितात जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी आणि नंतर क्रमाने उतरणारी, अशा वर्णनाने येते. ही संख्या ११११११ चा वर्ग असून वरील मालिकेतील सहावी आहे.

अशा संख्यांचा एक वर्ग म्हणून विचार करून त्यांना नाव देण्याचे श्रेय कापरेकरांकडे जाते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाणे येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यांनी गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. आपले बरेचसे लेखन त्यांनी स्वखर्चाने छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केले. ‘डेम्लो संख्या’ या विषयावरील त्यांची पुस्तिका १९४८ मध्ये देवळालीहून निघाली.

कापरेकर अधिक प्रसिद्ध आहेत ते ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याविषयी लिहिले. त्यानंतर त्यांचे नाव जगभरच्या गणितप्रेमींपर्यंत पोहोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

मूल्यमापन

अंकांच्या मांडणीवर आधारलेल्या गुणधर्मांना गणितात किती महत्त्व द्यावे, याबाबत मतभेद राहिले आहेत. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण घेतले. आपल्या उलट क्रमाच्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच आहेत. परंतु अशा वस्तुस्थितीत गणितज्ञाला आकर्षित करील असे काही नाही, असे त्यांचे मत होते. दहा हा पाया निवडणे हा मानवी संकेत आहे आणि त्यावर आधारलेले निष्कर्ष इतरत्र नेता येत नाहीत, हा अशा आक्षेपाचा गाभा आहे.

प्रस्तुत संख्येच्या बाबतीत हा आक्षेप अंशतः लागू पडतो. अंकांची चढउतार नवव्या ओळीत थांबते, हा दहा या पायाचा परिणाम आहे. परंतु ती चढउतार ज्या बहुपदीच्या वर्गातून येते, तो वर्ग कोणत्याही पायावर अवलंबून नाही आणि प्रत्येक पायात तोच आकृतिबंध आपापल्या मर्यादेपर्यंत दिसतो. शालेय स्तरावर या संख्येचा उपयोग गुणाकार, हातचा, अवयव पाडणे आणि सिद्धतेची गरज या गोष्टी एकाच उदाहरणातून समजावण्यासाठी करता येतो.

संगणकावरील गणन

१११११११११ ला १११११११११ ने गुणल्यावर अनेक संगणक आज्ञावल्या १२३४५६७८९८७६५४३२० असे उत्तर देतात. हे उत्तर १ ने चुकीचे आहे. विषम संख्यांचा गुणाकार विषमच असतो, त्यामुळे शेवटचा अंक ० असू शकत नाही, हे गणन न करताही सांगता येते.

या चुकीचे कारण संख्या साठवण्याच्या पद्धतीत आहे. दशांश चिन्हासह संख्या साठवण्याच्या प्रचलित ६४ बिटांच्या पद्धतीत अचूक अंकांसाठी ५३ द्विमान स्थाने उपलब्ध असतात. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक साठवता येतात. त्याच्या पुढे, याच्या दुपटीपर्यंत, केवळ सम संख्या अचूक राहतात. प्रस्तुत संख्या या पल्ल्यात येते आणि ती विषम आहे. म्हणून तिच्या जागी शेजारची सम संख्या साठवली जाते. स्प्रेडशीटमध्ये पंधरा सार्थ अंकच ठेवले जात असल्यास हीच संख्या १२३४५६७८९८७६५४३०० अशी दिसते. केवळ पूर्णांकांसाठी असलेल्या ६४ बिटांच्या साठवणुकीत मात्र ती अचूक बसते. मोठे खाते क्रमांक किंवा ओळख क्रमांक संगणकात संख्येऐवजी मजकूर म्हणून नोंदवण्याची काळजी घेतली जाते, त्यामागेही हेच कारण आहे.